फोडणीराणीची स्कूटर

१४ जानेवारी, संक्रांत

मच्छीमार सोसायटीने वाटलेली ही डायरी विनोदने आणून फळीवर टाकली होती. बोटीवर जाणाऱ्या माणसाला डायरी कशाला लागते? मलाही नको होती. पण आज जे झालं ते कुठेतरी ओकायलाच हवं. नवरा समुद्रात. घरात सांगायला फक्त सासू, आणि तिला सांगितलं तर ती उद्या कोयता घेऊन रिक्षा स्टँडवर जाईल.

सकाळी नेहमीसारखी सातपाटीहून पालघरच्या मार्केटला निघाले. टबात पापलेट, वर बर्फ, त्यावर ओलं गोणपाट. रिक्षा धर्मेशची. तो आमच्याच आळीतला. शिरगावला एक बाई चढली, काळी साडी, हातात तिळगुळाचा डबा. बसल्या बसल्या पदर नाकाला. "अहो, किती हा वास! मला हळदीकुंकवाला जायचंय." धर्मेशने रिक्षा कडेला घेतली. माझ्याकडे न बघता, आरशात बघून म्हणाला, "वहिनी, तुमी उतरता का? मागनं दुसरी येल."

मी उतरले. का उतरले, हे मला दिवसभर खातंय. भाडं मीही देते. लग्न होऊन आल्यापासून याच रस्त्याने मच्छी नेते आणि कुणी उतर म्हटलं की उतरते. मागून येणाऱ्या रिक्षांनी टब बघितला की वेग वाढवला. एसटीच्या कंडक्टरने लांबूनच हात हलवला. मार्केटला पोचले तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं, चांगली गिऱ्हाइकं घरी गेली होती आणि पापलेट माझ्यासारखेच डोळे पांढरे करून पडले होते.

घरी येऊन कालवणाला मसाल्याचं पाकीट फोडलं. आमचा घरचा मसाला पावसाळ्यात बुरसला, म्हणून या वर्षी विकतचा आणलाय, 'फोडणीराणी'. पाकिटाच्या मागे पिवळ्या स्कूटरचं चित्र. विजेवर चालणारी. 'स्कॅन करा, नाव भरा, स्कूटर जिंका!' उभ्या उभ्या फोन धरला, नाव टाकलं, आतल्या बाजूला छापलेला आकडा टाकला. कढईतला कांदा लाल व्हायच्या आत झालंसुद्धा. फोनवर फुगे उडाले. 'अभिनंदन दीपा! तुम्ही सहभागी झालात!'

रेशनकार्डावर माझं नाव चढायला लग्नानंतर किती खेपा घातल्या. इथे एका बोटात काम. आणि आज दिवसभरात मला अभिनंदन म्हणणारं तेवढंच भेटलं.

पिवळी स्कूटर. पाय ठेवायच्या जागेवर माझा टब बरोबर बसेल. मला तो तिथे दिसलाच.

२१ जानेवारी

चहाच्या कंपनीचा फ्रीज. साबणाची दुबईची सहल. मालिका संपल्यावर टीव्हीवर विचारतात त्या प्रश्नाची सोन्याची नथ. सगळीकडे नाव दिलं. मार्केटमध्ये गिऱ्हाईक नसलं की बोट पाण्यात बुडवायचं, पदराला पुसायचं आणि सुरू. बोटाला खवला राहिला असेल तर फोन ओळखत नाही.

पण सोपं सोपं म्हणता एकेक खोड बाहेर येतेय. एका ठिकाणी इमारतीचं नाव आणि मजला भरल्याशिवाय पुढे जाऊ देईना. मी मजला लिहिला 'जमीन'. नको म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी म्हणे आधी सिद्ध करा की तुम्ही यंत्र नाही. बारीक बारीक चौकोनांत फोटो, त्यातले सिग्नलचे दिवे ओळखायचे. आमच्या सातपाटीत कुठे आलाय सिग्नल? खांब धरायचा का नुसता दिवा धरायचा? तीन वेळा चुकलं. मी माणूस आहे हे सिद्ध करायच्या परीक्षेत मी नापास झाले.

आणि एक राहिलं. 'व्यवसाय' म्हणून खाली यादी येते: नोकरी, व्यापार, विद्यार्थी, गृहिणी. मंजुळामावशी शेजारच्या पाटावर बसते, ती म्हणाली, "गृहिणी टाक ना, काय फरक पडतो?" मला फरक पडतो. मी पहाटे जेट्टीवर बोली लावते, दिवसभर धंदा करते आणि मग घरी जाऊन भाकऱ्या भाजते. मी 'व्यापार' टाकलं. पुढे विचारलं, 'आस्थापनेचे नाव'. मी लिहिलं, 'दीपा मेहेर, मासळीवाली'. ते चाललं.

२७ जानेवारी

फोडणीराणीच्या एका नंबरावरून आठवड्याला एकच पाकीट भरता येतं. साधा फोन असेल तर आकडा मेसेजने पाठवायचा. म्हणून सासूचा बटणांचा फोन घेतला आणि 'नवसी मेहेर, सातपाटी' असंही एक नाव दिलं.

"मला कशाला गं गाडी?" सासू म्हणाली. "या वयात पडून हाडं मोडू?"

"तुम्हाला लागली तर मी चालवीन, आई."

"लागते तुला! आणि हा काय मसाला हाय? विटांचा भुगा हाय. माझ्या हातचं कालवण खायला मानसं दारात उभी रायची. आता मांजर पन फिरकत नाय."

बोलायला तिला काही लागत नाही. जेट्टीवरच्या खानावळीत हल्ली सारखी जाऊन बसते. आज आली तर पदराच्या गाठीत काहीतरी कुरकुरत होतं. विचारलं तर म्हणाली, शेंगदाणे. दात नाहीत आणि शेंगदाणे खाते.

४ फेब्रुवारी

विनोदवर मी फुकट चिडत होते. परवा तो दोन दिवस घरी होता. स्कूटरचं सांगितलं तर नुसता हसला आणि जाळं विणत बसला. मी म्हटलं, याला काही पडलेलीच नाही. तो परत बोटीवर गेल्यावर आज कपडे धुवायला बसले, तर धुण्याच्या दगडाखाली फोडणीराणीची रिकामी पाकिटं, नीट घडी करून, पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. मोठी पाकिटं, खानावळीत वापरतात तसली. बोटीवर त्यांचा स्वयंपाक होतो तिथली असणार. तोंडाने बोलणार नाही, पण माझ्यासाठी गोळा केली त्याने.

सासूला दाखवली. ती म्हणाली, "असंल. त्याच्या मनातलं मला काय ठावं?" आणि भांडी घासायला गेली. मुलाचं कौतुकसुद्धा धड करता येत नाही तिला.

८ फेब्रुवारी

मंजुळामावशीला फसवलं. फोन आला, चहाच्या कंपनीतून बोलतोय, फ्रीज लागलाय, नोंदणीचे पैसे आधी पाठवा. तिने पाठवले. फ्रीज कुठला, तो नंबरच बंद. आज ती मार्केटमध्ये माझ्याशी बोलली नाही, कारण नाव भरायला तिला मी शिकवलं होतं.

मला फार लागलं. मलाही तसले फोन येतात. कर्ज हवंय का, जमीन हवीय का, तुमच्या राशीला शनी आहे. आपण एकदा नाव भरलं की ते कुठे कुठे वाऱ्यावर जातं कोण जाणे. पण म्हणून काय मी घाबरून बसू? कष्टाच्या माणसाने एखादी गोष्ट आपल्याला लागावी अशी आशासुद्धा करायची नाही का? आशा मी सोडणार नाही. फसणार मात्र नाही. मार्केटमधल्या सगळ्या बायकांना जमवून सांगितलं: बक्षीस लागलं म्हणून फोन आला की ऐकायचंच नाही. सरळ शिव्या घालायच्या आणि ठेवायचा.

घरी सासूलाही बजावलं. ती म्हणाली, "शिव्या ना? त्या काय मला शिकवतेस?"

१७ फेब्रुवारी

आज सासूला दिलेली शिकवणी कामाला आली. दुपारी तिला फोन आला. कोणी गोड बोलणारी बाई होती म्हणे. राणी का काहीतरी म्हणत होती आणि गाडीचं सांगत होती.

"पैसे मागितले का?" मी विचारलं.

"मागायला तोंड उघडू दिलं तर ना! तिच्या सात पिढ्या मी खाडीत बुडवल्या."

मला इतकं हसू आलं. मंजुळामावशीला हे सांगितल्यावर तीसुद्धा हसली, आणि आमचं बोलणं परत सुरू झालं.

१९ फेब्रुवारी

तीच बाई, परत. या वेळी म्हणे, "आजी, ऐका तरी, आम्हाला पैसे नकोत." सासू मला सांगत होती, "पैशे नको म्हनते, म्हंजे जास्तच लबाड हाय." माझी सासू शाळेत गेली नाही, पण तिला कुणी गंडवू शकणार नाही.

२१ फेब्रुवारी

काय चिकाटी आहे या चोरांची! सकाळी फोन, दुपारी फोन. शेवटी ती बाई म्हणाली, उद्याचा शेवटचा दिवस आहे. सासू म्हणाली, तुझाच शेवटचा दिवस हाय.

आज धर्मेशने मला बघूनही रिक्षा थांबवली नाही. टब डोक्यावर घेऊन निम्म्या रस्त्यापर्यंत चालले. शिरगावच्या पुढे बर्फाच्या टेम्पोवाल्याने घेतलं. चालताना पिवळी स्कूटर डोळ्यांसमोर ठेवली. तिच्यावर बसले की मी धर्मेशला ओलांडून जाणार, आणि हॉर्न वाजवणार.

२८ फेब्रुवारी

उभ्या उभ्याच लिहितेय. अक्षर बघ कसं आलंय.

फोडणीराणीच्या पानावर विजेत्यांची यादी लागली. मार्केटमध्ये बसून बघितली. 'पालघर विभाग' असं लिहिलेलं आणि खाली 'नवसी मेहेर, सातपाटी'. मी किंचाळले. मंजुळामावशीच्या हातातली सुरी पडली. मग पुढचं वाचलं. 'वारंवार संपर्क साधूनही प्रतिसाद न मिळाल्याने बक्षीस राखीव विजेत्या राजनंदिनी, बोईसर यांना.'

प्रतिसाद न मिळाल्याने! प्रतिसाद तर माझ्या सासूने असा दिला की तसा त्या कंपनीला जन्मात मिळाला नसेल.

घरी येऊन सासूला सांगितलं. मला वाटलं ती भांडेल. ती चुलीपुढे बसली आणि राख उकरत राहिली. मग म्हणाली, "ती बाय खरं बोलत होती गं."

२ मार्च

कंपनीला फोन केला. यंत्र बोलतं. मराठीसाठी दोन दाबा. तक्रारीसाठी चार दाबा. मग गाणं. मग 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' मग तुटतो. ईमेल केला तर पापणी लवायच्या आत उत्तर, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत'. आत जायला एक बोट पुरतं. बाहेर काही काढायचं म्हटलं की माणूसच नाही कुणी.

विनोद आलाय. त्याला म्हटलं, "तू एवढी पाकिटं जमवलीस, आणि बघ."

"कसली पाकिटं?" तो म्हणाला.

"दगडाखाली ठेवलेली."

"बोटीवरच्या डब्यात आयच्या हातचा मसाला अजून हाय, तो नाय बुरसला. विकतचं कोन खातंय?"

मी सासूकडे बघितलं. ती पाठ करून बोंबील वाळवायला वळईच्या बांबूवर टाकत होती. अंगणात जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले आणि मीही टाकायला लागले. खानावळीत ती बसायला जात नव्हती. दुसऱ्यांच्या कचऱ्यात हात घालायला जात होती. आणि ती तिथे भांडी घासत असणार, त्याशिवाय तो खानावळवाला तिला कचऱ्याला हात कशाला लावू देईल?

आता मी स्कूटर सोडणार नाही.

५ मार्च

बोईसरला कंपनीची एजन्सी आहे, तिथे गेले. सासूही आली, नको म्हटलं तरी. एजन्सीवाला म्हणाला, "मी फक्त माल विकतो, ताई. पण शनिवारी महिला दिन आहे. माझ्याच दुकानापुढे कार्यक्रम ठेवलाय, तेव्हा त्या दुसऱ्या बाईंना चावी देणार. कंपनीची माणसं येतील. त्यांना विचारा."

विचारू ना. मंजुळामावशी येते म्हणाली, मार्केटमधल्या अजून काही जणी येतो म्हणाल्या. विनोद म्हणाला, "भांडून मिळंल का?" मी म्हटलं, "न भांडता काय मिळालं आजपर्यंत?"

८ मार्च

बोईसरहून आत्ता आले. घसा बसलाय. सगळं नीट लिहिते.

दुकानापुढे मांडव, गुलाबी फुगे, मोठ्याने गाणी, आणि मधोमध ती. पिवळी. चित्रात होती त्याहून छान. सीटवर अजून प्लास्टिक होतं. माझे डोळे भरले, हे खोटं कशाला लिहू?

आम्ही टब घेऊनच गेलो होतो, सकाळचा धंदा करून. मांडवातल्या बायका सरकून बसल्या. कुणी नाकाला रुमाल लावला. मी आज मुद्दाम मधल्या रांगेत बसले.

माइकवर एक मुलगी बोलायला लागली आणि सासूने माझा दंड आवळला. "हीच ती! हिचाच आवाज!"

आम्ही पुढे गेलो. मी सांगितलं, या नवसी मेहेर. त्या मुलीचा चेहरा आधी पडला, मग तिला हसू फुटलं. "आजी, तुम्ही! अहो, मला अजून तुमच्या शिव्या आठवतात. नियमात तीनच फोन करायचे होते. मी चौथा माझ्या मनाने केला होता." मग हळू आवाजात, "पण आता माझ्या हातात काही नाही."

तेवढ्यात राजनंदिनीला बोलावलं. मी तिच्याकडे वैऱ्यासारखी बघायला तयार होऊन उभी होते. आली ती एक सडसडीत बाई, औषधाच्या कारखान्यात पॅकिंग करते, कपाळावर टोपीचा वळ तसाच. परभणीकडची. तिला कुणीतरी आमचं सांगितलं असावं, कारण चावी घ्यायच्या आधी सरळ माझ्याकडेच आली.

"ताई, आधी तुमच्या सासूबाईचं नाव होतं व्हय? मला आत्तापर्यंत कुणी सांगितलंच नाही बगा. म्या रातपाळीहून चालत घरी जाते. रस्त्याला कुत्रे लागतात. म्हणून नाव दिलं होतं."

मी घरून बोलायला काय काय पाठ करून नेलं होतं. "घ्या तुम्ही," एवढंच म्हणाले, तेही रागाने.

तिला पुठ्ठ्याची मोठी चावी दिली. फोटो काढले. टाळ्या झाल्या. मग तिने विचारलं, "गाडी आत्ता नेऊ का?" कंपनीचा एक साहेब म्हणाला, कागदपत्रं व्हायची आहेत, आम्ही कळवू. आणि दोन माणसं स्कूटर टेम्पोत चढवायला लागली.

मंजुळामावशीने टेम्पोवाल्याला सहज विचारलं, कुठे नेताय? तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "वापी, मौसी. कल वहाँ फंक्शन है. पिछले हफ्ते वसई में था. यही गाड़ी सब जगह जाती है."

हे ऐकल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं, ते लिहिते. बरं झालं, हिलाही नाही मिळाली. असं आलं. क्षणभरच, पण आलं. मग राजनंदिनीकडे बघितलं. पुठ्ठ्याची चावी छातीशी धरून ती त्या साहेबाला विचारत होती, "पण कळवाल ना नक्की? माझा नंबर बरोबर हाय ना?" शिरगावला रिक्षातून उतरताना मी अशीच दिसले असेन.

मी पुढे होणार, एवढ्यात सासू माझ्या आधी पोचली. स्कूटर अजून जमिनीवर होती. सासूने नऊवारीचा काष्टा आवरला आणि सीटवर बसली. प्लास्टिक करकरलं.

"आजी, उतरा," साहेब म्हणाला.

"नाय उतरत. ज्या बायचं नाव घेतलंत, तिला द्या. मंग उतरते."

मी पुढच्या चाकाशी बसले, मंजुळामावशी मागच्या. आमच्या बाकीच्या जणींनी टब टेम्पोच्या पुढे मांडले. साहेब ओरडला, पोलिसांना बोलावतो म्हणाला. मी म्हटलं, "बोलवा. त्यांनाही सांगा, वसईतल्या बाईची गाडी कुठे आहे आणि वापीतली कुठली देणार." मांडवातल्या बायकांनी फोन वर केले. मघाशी रुमाल लावलेली बाई सगळ्यांत पुढे येऊन शूटिंग करत होती. साहेब म्हणाला, "व्हिडिओ बंद करा, मॅडम." ती म्हणाली, "का बंद करू? महिला दिन आहे ना?"

कंपनीची ती मुलगी सासूजवळ आली. "आजी, माझी नोकरी जाईल हो."

सासूने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला फोनवर बोलले ते सगळं मागं घेते, पोरी. पण उठणार नाय."

ती मुलगी मग फोन काढून बाजूला गेली. तिचा आवाज चढत गेलेला आम्हाला ऐकू येत होता. "सर, सगळीकडे जातंय हे. नाही सर, मी नाही सांगणार त्यांना. तुम्ही येऊन सांगा." ऊन उतरायला लागलं तेव्हा कुणीतरी शोरूमची पावती घेऊन आलं. राजनंदिनीच्या नावाची. एजन्सीवाल्यानेच सीटवरचं प्लास्टिक फाडलं, आधी सासूला उतरायला हात देऊन.

राजनंदिनीला स्कूटर चालवता येत नव्हती. धरून, ढकलत घेऊन गेली. वळणावर थांबून परत परत मागे बघत होती.

येताना रिक्षात एकच विचार. मी एका परक्या बाईसाठी माझीच स्कूटर भांडून दिली. वेडी आहे का मी? सासूला विचारलं, "आई, वाईट वाटतंय का?" ती म्हणाली, "गाडी गेली त्याचं वाटतंय. बसले त्याचं नाय."

१० मार्च

उठल्यापासून उदास. व्हिडिओ सगळ्या पालघरभर फिरतोय. गिऱ्हाइकं येऊन सासूचं कौतुक करतात आणि पापलेटचा भाव मात्र पाडून मागतात. पुन्हा कुठे नाव भरायचं मन होत नाही. साबणाच्या कंपनीचा मेसेज आला, 'अजून एक संधी'. पुसला.

मग संध्याकाळी स्वतःचाच राग आला. कंपनी खोटी निघाली म्हणून मी का तोंड पाडू? साबणाचं पाकीट शोधून काढलं आणि भरलं नाव. चौकोनातले सिग्नलसुद्धा या वेळी बरोबर आले. खांब धरायचा नसतो.

१२ मार्च

आजपासून सकाळच्या पहिल्या तीन रिक्षा मासळीवाल्या बायकांच्या. बाकीची माणसं नंतर. ठरलं. कसं ठरलं ते लिहिते.

उद्या होळी, म्हणून मार्केटला लवकर पोचायचं होतं. सगळ्या बोटी सणाला परतल्यात, माल भरपूर. स्टँडवर धर्मेशची रिक्षा पहिली होती. मंजुळामावशीने टब आत ठेवायला उचलला तर तो म्हणाला, "मावशी, मागनं दुसरी येल."

आमचं काहीच ठरलेलं नव्हतं. देवाशपथ. सासू आज मला टब उचलू लागायला म्हणून आली होती. तिने टब धर्मेशच्या पुढच्या चाकापुढे ठेवला आणि बाजूला बसली. मी बसले. मंजुळामावशी बसली. मग एकेक करत सगळ्या, स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकही रिक्षा हलेना.

आरडाओरडा झाला. कामावर जाणारी माणसं चिडली. धर्मेश माझ्यापुढे येऊन उभा राहिला. चेहरा रडवेला. "वहिनी, मी काय दुश्मन हाय का? वास बसला की दिसभर दुसरं भाडं चढत नाय. मी काय खाऊ?"

पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघून बोलला. मीही पहिल्यांदाच त्याला उत्तर दिलं. "मग हे तेव्हाच बोलायचं होतंस. खाली टाकायला रबराची चादर आमची. मार्केटला पोचलो की रिक्षा आम्ही धुऊन देऊ, रोज. पण भर रस्त्यात उतर म्हणायचं नाही. कुणालाच."

त्याने मागे वळून बाकीच्यांकडे बघितलं. मागच्या रिक्षावाल्यांत कुजबुज सुरू झाली. कुणी हो म्हणत होतं, कुणी शक्यच नाही म्हणत होतं. शेवटी युनियनचा माणूस आला, पांढरे कपडे, हातात गाडीची चावी फिरवत. आमच्या रांगेवरून नजर फिरवली. मला सोडून, सगळ्यांत म्हातारी बघून सासूपुढे वाकला आणि लहान पोराशी बोलावं तसं म्हणाला, "आजी, उन्हात किती वेळ बसाल अशा?"

सासूने टबावरचं गोणपाट नीट केलं. मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"आमाला बसायची सवय हाय, बाबा. बाजारात दिसभर तेच करतो. तुमी किती वेळ उभं राहताय, ते बगू."